आपल्याच माणसांची पावती

आमची संस्था म्हणजे नारायणगुड्यातली दीड खोली. मोठ्या खोलीत मराठी पुस्तकांची सात कपाटं, अर्ध्या खोलीत संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग आणि दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एक टेबल, ज्याला आम्ही ‘कार्यालय’ म्हणतो. १९८३ मध्ये लग्न होऊन नांदेडहून निघाले, काचीगुडा स्टेशनावर उतरले, तेव्हापासून मी याच भागात आहे. नोकरी शाळेत, विषय गणित. २००९ मध्ये मला संस्थेचं खजिनदार केलं, २०१४ मध्ये कार्यवाह, आणि गेल्या वर्षी मी सुटले. गणिताची बाई खजिनदार झाली म्हणजे हिशेब आपोआप नीट राहतील, असा सगळ्यांचा समज होता. माझाही होता.

संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चुका आमच्या आहेत, त्यांची जाहिरात कशाला?

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्थेची पंचाईत जरा वेगळी असते. इथला सभासद नुसता सभासद नसतो. तो कुणाचा तरी साडू असतो, कुणाच्या तरी मुंजीत त्याने पंगत वाढलेली असते, आपल्या सासूबाईंना दवाखान्यात न्यायला मध्यरात्री त्याचीच रिक्षा आलेली असते. अशा माणसाला ‘खर्चाची पावती आहे का?’ म्हणून विचारायचं कोणत्या तोंडाने? ‘अहो, आपलीच माणसं!’ या तीन शब्दांनी आमच्याकडे जेवढा घोळ घातला, तेवढा एखाद्या लबाडानेही घातला नसता. पुढे लिहिलंय ते या तीन शब्दांची किंमत मोजून शिकलेलं आहे.

१. आपण कोणत्या कायद्यावर उभे आहोत ते आधी बघावं.

खजिनदार झाल्यावर मी पहिला फोन नांदेडच्या भावाला केला. तो तिथल्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. त्याने तासभर समजावलं आणि शेवटी विचारलं, “ताई, धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दिलात का?” झालं! मी तीन दिवस हैदराबादेत धर्मादाय आयुक्त शोधत फिरले. अखेर एका वकिलांनी हसत सांगितलं की ते प्रकरण महाराष्ट्रातलं. तिकडे १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा अशी जोडगोळी आहे; आमच्याकडे २००१ चा सोसायटी नोंदणी कायदा आणि त्याचे निबंधक. वार्षिक सभा झाली की पंधरा दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी त्यांच्याकडे द्यायची. एवढीशी गोष्ट. ती आम्ही किती वर्षं दिली नव्हती, ते पुढे येईलच.

त्या वकिलांनी मूळ नोंदणीपत्र आणायला सांगितलं. ते सापडलं पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या दिवाळी अंकांच्या खाली. त्यावर कायद्याचं साल होतं १३५०. मला वाटलं, आपली संस्था काकतीयांच्या आसपासची की काय! मग कळलं की ते फसली साल. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन, म्हणजे १९४०-४१. निजामाच्या अमदानीतला तो कायदा संस्थान १९४८ मध्ये गेलं तरी तेलंगणात २००१ पर्यंत चालत राहिला आणि आमची संस्था त्याच्याच खाली नोंदलेली. इतकी वर्षं मी जिथे बसत होते त्या जागेचा पाया कशाचा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

२. सहीचा माणूस अमर नसतो.

आमचे अध्यक्ष अण्णा. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. तेलुगू शेजारीसुद्धा, त्यांच्या भाषेतही त्याचा अर्थ थोरला भाऊच. संस्थेची जागा अण्णांनी मिळवली, कपाटं अण्णांनी आणली, पंख्याचं बेअरिंगही अण्णाच बदलायचे. जानेवारी २०१४ मध्ये एका पहाटे ते झोपेतच गेले.

तेराव्यानंतर मी बँकेत गेले. शिक्षिकांचं मानधन द्यायचं होतं, भाडं द्यायचं होतं. खात्यावर तिघांची नावं, त्यांतल्या कोणत्याही दोघांच्या सह्या. अण्णा गेले. कार्यवाह दीड वर्षापासून न्यू जर्सीत मुलाकडे. उरले मी, आणि एका सहीवर खातं चालत नाही. आता खरं सांगायचं तर ही अडचण आधीच यायला हवी होती. ती आली नाही, कारण अण्णा माझ्याकडून कोऱ्या चेकवर सह्या घेऊन ठेवायचे. मी द्यायची. ‘आपलेच अण्णा’ म्हणून. आजही कुणी कोऱ्या चेकवर सही करताना दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो.

बँकेने मागितलं ते रास्त होतं: सह्यांचे अधिकार बदलल्याचा ठराव, त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत आणि निबंधकांकडे दाखल असलेली कार्यकारिणीची ताजी यादी. आमची दाखल यादी २००९ ची. त्या नऊ नावांपैकी तीन माणसं हयात नव्हती, दोघं हैदराबाद सोडून गेलेली. म्हणजे आधी सर्वसाधारण सभा, तिची रीतसर नोटीस, तिला गणपूर्ती, मग निवड, मग यादी, मग राहिलेल्या वर्षांचे खुलासे, मग बँक. एकेका पायरीला महिना गेला.

त्यातून साल कोणतं, तर २०१४. यादी दिली तेव्हा राज्य आंध्र प्रदेश होतं. शिक्का मारून परत मिळाली तोवर २ जून उलटून गेला होता आणि राज्य तेलंगण झालं होतं. माझा मुलगा म्हणाला, “आई, तुझ्या यादीपेक्षा राज्य लवकर झालं.”

त्या पाच महिन्यांत भाडं, वीज आणि दोघी शिक्षिकांचं मानधन मी आणि एका वहिनींनी घरातून भागवलं. भावनेच्या भरात त्याचीही धड नोंद ठेवली नाही. वर्षाअखेरीस ऑडिटर समोर बसले. बरकतपुऱ्यातले तेलुगू गृहस्थ, आमच्याशी हिंदीत बोलत. मी सांगितलं की आम्ही पदरचे पैसे घातले. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, प्यार अलग, वाउचर अलग.” आमच्या पदरचे पैसे ना देणगी ठरले, ना उसनवार. ते नुसतेच गेले.

३. सभा ‘खेळीमेळीत पार पडली’ असं लिहू नये.

त्या धावपळीत मी आधीच्या अकरा वर्षांची इतिवृत्तं वाचली. अक्षर सुरेख, भाषा त्याहून सुरेख. प्रत्येक सभा खेळीमेळीत पार पडलेली. प्रत्येक वेळी अल्पोपाहाराचा उल्लेख, दोनदा तर पदार्थासह. ठरलं काय, कुणी सुचवलं, अनुमोदन कुणाचं, किती रुपये मंजूर, काम कुणी कधीपर्यंत करायचं, याचा पत्ता नाही. कपाटांची रक्कम एका पानावर ‘योग्य ती’ अशी नोंदलेली. योग्य ती! गणितात हे उत्तर मी कुणाला चालवून घेतलं नसतं.

वर ते सगळं मराठीत. मराठी संस्थेचं इतिवृत्त मराठीत नको तर कशात? पण बँकेतल्या अधिकाऱ्याची मातृभाषा तेलुगू, काम इंग्रजीत. माझ्या मराठी ठरावाकडे तो सज्जन माणूस असहायपणे बघत राहिला. तेव्हापासून आमच्या वहीत डाव्या पानावर मराठी असतं, उजव्या पानावर इंग्रजी. यात एक अनपेक्षित फायदा झाला. मराठीत जे मोघम लिहून निभावतं ते इंग्रजीत उतरवताना लेखणी अडते, आणि अडली की कळतं, आपलं काही ठरलेलंच नाही.

सभा संपण्याआधी ठराव वाचून दाखवायचे आणि पुढच्या सभेत सही होईपर्यंत नवा विषय घ्यायचा नाही, एवढे दोन नियम आम्ही केले. पहिल्या वर्षी लोक कंटाळले, मग सवय झाली.

४. नोटिशीतलं ते शेवटचं वाक्य.

‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तीस गणपूर्तीची अट राहणार नाही.’ मराठी संस्थांमध्ये बहुधा सर्वांत जास्त वेळा छापलं गेलेलं वाक्य हेच असावं. आमच्याकडे लोक अर्धा तास उशिराच यायचे, कारण सभा तेव्हाच सुरू होते हे सर्वांना पाठ. हे वाक्य घटनेत असेल तरच वापरता येतं. आमच्या घटनेत ते नव्हतंच. कुणीतरी कधीतरी दुसऱ्या मंडळाच्या नोटिशीवरून उतरवून घेतलं होतं.

५. पॅन मागितला म्हणून नातं तुटत नाही. तुटलं तर दोन महिन्यांनी जुळतं.

२०२१-२२ या आर्थिक वर्षापासून ८०जी ची सवलत असणाऱ्या संस्थांना देणगीदारांची यादी आयकर खात्याला ३१ मेपर्यंत द्यावी लागू लागली. फॉर्म १०बीडी. त्यात देणगीदाराचं नाव, पत्ता, ओळख क्रमांक, रक्कम. ती भरली की प्रत्येकासाठी प्रमाणपत्र निघतं आणि त्याच्या आधारावरच त्याला करसवलत मिळते. रोख रक्कम दोन हजारांच्या वर असेल तर सवलत नाही, हे त्याआधीपासूनचं.

आमच्या पावतीपुस्तकात स्थळप्रतीवर नाव काय असायचं? ‘जोशीकाका’. कुठले जोशीकाका? नारायणगुड्यापासून काचीगुड्यापर्यंत चालत गेलात तर तुम्हाला चार भेटतील. एका पावतीवर तर ‘हितचिंतक, चिक्कडपल्ली’ एवढंच होतं.

मी फोन करायला बसले. पंचावन्न फोन. पन्नास जणांनी लगेच पॅन दिला. चौघांनी मुलाला विचारून सांगतो म्हटलं. एक ज्येष्ठ गृहस्थ मात्र संतापले. “चाळीस वर्षं वर्गणी भरतोय, आता मी काय चोर आहे?” मी म्हटलं, “काका, तुमच्यावर संशय नाही हो, सरकारचा आमच्यावर आहे.” त्यांनी फोन ठेवला. जुलैत विवरणपत्र भरताना त्यांच्या सीएने प्रमाणपत्र मागितलं, तेव्हा ते स्वतः जिना चढून आले. पॅन कार्डाची झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “चहा सांगा.” सुधारित यादी भरली. चहा सांगितला.

६. देणगीला नाव असतं, ते पुसू नये.

ही गोष्ट लिहायला जड जातेय. एका आजींनी यजमानांच्या नावे एक लाख रुपये दिले. म्हणाल्या, “याच्या व्याजातून दरवर्षी मुलांची पुस्तकं घ्या.” पावतीवर आम्ही ‘देणगी’ एवढंच लिहिलं. त्या पावसाळ्यात छत गळायला लागलं. कपाटं भिजतील म्हणून खात्यातले पैसे काढून छत केलं. त्या पैशांत आजींचे पैसे होते. कार्यकारिणीत कुणालाच चुकीचं वाटलं नाही. छतही पुस्तकांसाठीच ना?

पुढच्या वर्षी आजी आल्या आणि त्यांनी विचारलं, “कोणती पुस्तकं घेतली?” मी वर छताकडे बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत. तेही एक बोलणंच.

मूळ रक्कम कायम ठेवायची असेल तर देणगीदाराची तशी लेखी सूचना घ्यावी, ती कायम निधीत वेगळी दाखवावी, वेगळी गुंतवावी. हा कायद्याचा भाग आहे आणि तो कुणीही सीए पाच मिनिटांत सांगेल. आम्ही ती रक्कम तीन वर्षांत भरून काढली आणि आता त्या व्याजातून पुस्तकं येतात. पहिला गठ्ठा आला तेव्हा आजी नव्हत्या.

७. काटकसर हा इथे गुण नाही.

मध्यमवर्गीय मराठी बाईच्या हाती तिजोरी दिली की ती काय करणार? मुदत ठेव. मी मोठ्या अभिमानाने सभेत सांगितलं की यंदा निम्मे पैसे वाचवले. ऑडिटरांनी कपाळाला हात लावला. करमाफी घेणाऱ्या धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नातले निदान ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च करायचे असतात. जास्त साठवायचं असेल तर कशासाठी आणि किती वर्षांसाठी ते मुदतीत लेखी कळवायचं, आणि तेही जास्तीत जास्त पाच वर्षं. लोकांनी पैसे दिले ते मुलांना शिकवायला. मी ते बँकेला शिकवायला ठेवले होते. त्यानंतर अंदाजपत्रक एप्रिलच्या आधी करायला लागलो आणि अभ्यासवर्गात तिसरी शिक्षिका आली.

८. फुकट काम करणाऱ्यालाही काम नेमून द्यावं.

‘जमेल तेव्हा या हो’ म्हटलं की कुणी येत नाही. ‘दर शनिवारी पाच ते सात, पुस्तकं परत घेण्याचं काम तुमचं’ म्हटलं की माणूस पाऊस असला तरी येतो. याहून जास्त मला यातलं कळलेलं नाही.

९. आपल्या आधीच्यांनी हे कसं केलं असेल, त्याचा विचार करावा.

आमच्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर केशव मेमोरियल शाळा आहे. १९४० ची. ती ज्यांच्या नावाने आहे ते केशवराव कोरटकर परभणीकडचे, पुरजळचे. हैदराबादेत वकील झाले, पुढे हायकोर्टात न्यायाधीश. १९०७ मध्ये वामन नाईकांसारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी विवेकवर्धिनी ही शाळा काढली; त्याच साली गुलबर्ग्याचं नूतन विद्यालय. ते १९३२ मध्ये वारले आणि विवेकवर्धिनीचा पसारा आजही चालू आहे.

मला नेहमी वाटतं, त्यांना हे जमलं ते निव्वळ तळमळीमुळे नव्हे. निजामाच्या राज्यात मराठी ही राज्यकारभाराची भाषा नव्हती. खाजगी शाळांवर सरकारची नजर होती. पुढे तर ‘गश्ती निशाण ५३’ हे सरकारी परिपत्रक आलं आणि सभा घ्यायलाही आधी परवानगी लागू लागली. अशा ठिकाणी एखादा हिशेब ढिला राहिला असता तर शाळेला कुलूप लावायला निमित्त मिळालं असतं. ती माणसं कायदा जाणणारी होती आणि आपण कुणाच्या राज्यात बसलो आहोत हे क्षणभरही विसरणारी नव्हती. आम्हाला तो धाक उरला नाही. सैलपणा तिथूनच शिरला, असं माझं मत.

आणखी एक. संस्थेत भांडणं झाली की आमच्याकडे लोक हळहळतात, ‘मराठी माणूस एकत्र राहू शकत नाही’ वगैरे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची. टिळक, आगरकर यांच्यासारखी माणसं आणि सहा वर्षांत, १८९० मध्ये, टिळकांचा राजीनामा. वादाच्या मुळाशी होतं आजीव सदस्यांनी बाहेर कमाई करावी की नाही. म्हणजे पैसाच, पण तत्त्वाचा. टिळकांनी लांबलचक राजीनामा लिहून आपली बाजू मांडली. म्हणूनच आज आपण त्या वादाबद्दल बोलू शकतो. आमच्याकडचे दोन उपाध्यक्ष रागावून गेले ते नुसतेच यायचे थांबले. का गेले, याच्या आमच्या संस्थेत आजही चार आवृत्त्या आहेत आणि चारही वेगवेगळ्या.

१०. मोठ्या कंपनीचे पैसे हवे असतील तर हजेरीपट दाखवावा लागतो.

जुनी मराठी घरं बरकतपुरा, काचीगुडा, नारायणगुडा या भागांत. तरुण मंडळी कोंडापूर, मियापूरकडे. फेब्रुवारी २०२० मध्ये नारायणगुड्याला मेट्रो आली आणि त्यातली काही जण रविवारी आमच्याकडे यायला लागली. मग महिनाभरात टाळेबंदी. ती सरल्यावर त्या तरुणांपैकी एकाने आपल्या कंपनीच्या सामाजिक निधीचा विषय काढला. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात. मी वाचनालयाची थोरवी सांगणारी चार पानं लिहून दिली. तो मुलगा नम्रपणे म्हणाला, “काकू, छान आहे. पण मुलं किती? गेल्या तीन वर्षांत टिकली किती? दहावीला काय झालं?”

माझ्याकडे आठवणी होत्या. हा मुलगा डॉक्टर झाला, ती मुलगी बँकेत लागली. आकडे नव्हते. वर्गातल्या दुसऱ्या शिक्षिका मात्र उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या समाधानासाठी ठेवलेल्या सहा वह्या काढल्या. रोजची हजेरी, चाचणीचे गुण, शाळा सोडली तर कारण. ‘आईला बरं नाही’, ‘गावी गेले’, ‘फी’. त्या सहा वह्यांवर आमचा अर्ज उभा राहिला. या निधीसाठी लागणारी सीएसआर-१ ची नोंदणी, प्रस्ताव, तिमाही अहवाल हे सगळं नंतर त्या मुलाने शिकवलं. त्याने मला ड्रकरचं १९९० मधलं ना-नफा संस्थांच्या व्यवस्थापनावरचं पुस्तकही आणून दिलं. त्यातलं एक पटलं: जिथे वर्षाअखेरीस नफ्याचा आकडा समोर येत नाही, तिथे व्यवस्थापन जास्तच लागतं. पण आमच्या ड्रकर त्या शिक्षिकाच. त्यांना पगार नव्हे, मानधन मिळायचं, तेही एकदा पाच महिने माझ्या घरातून.

११. जाताना किल्ल्या मोजून द्याव्यात.

घटनेत आम्ही दुरुस्ती करून घेतली: एका पदावर सलग दोन मुदतींपेक्षा जास्त कुणी राहायचं नाही. ठराव मीच मांडला आणि त्यात सगळ्यांत आधी मीच बसले. नवी कार्यवाह एकोणतीस वर्षांची आहे. हैदराबादेतच जन्मलेली, मराठी बोलताना मधूनच तेलुगू हेल येतो. कार्यभार द्यायला मी पेढे घेऊन गेले होते. तिने पेढा खाल्ला, हात पुसले आणि पावतीपुस्तकासारखीच एक छोटी वही काढली. कपाटाच्या, दाराच्या किल्ल्या मी टेबलावर ठेवल्या.

“काकू, ही तिसरी कशाची?”

अण्णांच्या जुडग्यात ती होती, म्हणून मीही दहा वर्षं सांभाळली. “माहीत नाही गं.”

“तसंच लिहिते,” ती म्हणाली आणि लिहिलं: ‘किल्ल्या तीन. तिसरीचं कुलूप माहीत नाही.’ मग वही माझ्याकडे सरकवली. “इथे सही करा.”